वजनाचा काटा पुन्हा तिथेच का येतो?

(मंडळाच्या उन्हाळी स्नेहसंमेलनात दुपारी झालेल्या भाषणाचा मजकूर. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेताना थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्याझाल्या वजनावर भाषण ठेवायची कल्पना कार्यकारिणीत कुणाला सुचली, ते मी मुद्दामच विचारलेलं नाही. पण मगाशी दुसऱ्यांदा श्रीखंड घेताना माझ्याकडे बघून जे वाटी हळूच मागे सरकवत होते, त्यांना सांगते, घ्या बिनधास्त. मी आज कुणाच्या ताटात बघायला आलेली नाही. इथे मिनेसोटात तीस वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून तेच केलं, आणि त्यातलं बरंचसं चुकलं असं आता निवृत्तीनंतर वाटतं. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

विषय दिला तो आपल्यातल्याच एका भगिनींनी. पाडव्याच्या कार्यक्रमात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी चार वेळा दहा-दहा किलो वजन उतरवलं. चारही वेळा काटा जिथून निघाला तिथेच येऊन बसला. माझ्या शरीरानं स्वतःचं एक वजन ठरवूनच टाकलंय का हो?" प्रश्न हसत हसत विचारला, पण उत्तर ऐकायला थंडीत पार्किंग लॉटपर्यंत माझ्याबरोबर आल्या. तिथे पाच मिनिटांत काही नीट सांगता आलं नाही. आज प्रयत्न करते.

आधी एक साधा हिशेब बघा. आपण दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार कॅलरी खातो, म्हणजे वर्षाला आठ लाखांच्या आसपास. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठतात. आता या आठ लाखांत नुसती एक टक्का चूक झाली, रोज जरा जास्त खाल्लं गेलं, तर सरळ गणितानं वर्षाला किलोभर वजन वाढायला हवं आणि तीस वर्षांत तीस किलो. आपल्यापैकी बहुतेकांचं तसं होत नाही. वाढतं, नाही असं नाही, पण इतकं नाही. आणि आपण काही मोजूनमापून खात नाही. एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी पॉटलक. तरी वर्षअखेर हिशेब जवळपास जुळलेला असतो. आपल्या खजिनदारांनी मनावर घेऊ नये, पण मंडळाचा ताळेबंदसुद्धा इतका जुळत नाही! तेव्हा आत कुणीतरी हिशेब ठेवतंय, हे उघड आहे. १९५३ मध्ये केनेडी नावाच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांवरून हेच मांडलं, की अंगात चरबी किती आहे याची खबर मेंदूला लागते आणि मेंदू त्याप्रमाणे भूक कमी-जास्त करतो. पुढे 'सेट पॉइंट' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला.

मी मेडिकलला होते तेव्हा हे कुठेतरी परिच्छेदभर वाचलं असेल. प्रॅक्टिसमध्ये मात्र सगळ्यांना एकच मंत्र द्यायचे. कमी खा, जास्त चाला. पुढच्या वेळी वजन वाढलेलं दिसलं की मी चष्म्यावरून बघायचे. तेवढं पुरायचं.

माझी मोठी बहीण सांगलीला असते. आम्ही तिला ताईच म्हणतो. ताई लहानपणापासून अंगानं भरलेली, आमच्या आजीसारखी. मी हडकुळी, वडिलांच्या वळणावर गेलेली. एकाच ताटात जेवून दोघी अशा. १९९८ च्या डिसेंबरात मी गेले तेव्हा ती ८१ किलो होती आणि गुडघे दुखतात म्हणत होती. मी अमेरिकेतली डॉक्टरीण ना! बसून हजार कॅलरीचा तक्ता करून दिला. भात बंद, साखर बंद, तूप वासालासुद्धा नको. ताईनं तो तक्ता देवघराशेजारी चिकटवला आणि अक्षरशः पाळला. नऊ महिन्यांत १३ किलो उतरवले. मला फोटो पाठवला. मी क्लिनिकमध्ये सगळ्यांना दाखवला.

मग वजन थांबलं. मग वाढायला लागलं. तक्ता तोच. ती फोनवर सांगायची, "अगं, मी काही जास्त खात नाहीये. पण दिवसभर डोक्यात नुसतं खाण्याचंच येतं. आणि थंडी वाजते गं." सांगलीत, एप्रिलमध्ये थंडी! मी विश्वास ठेवला नाही. २००० च्या दिवाळीत ती ८४ वर होती, म्हणजे सुरुवातीपेक्षाही तीन किलो जास्त. मी तिला म्हणाले, "ताई, तू चोरून खातेस. काटा खोटं बोलत नाही." ती काही बोलली नाही. फोन भाऊजींच्या हातात दिला.

आता तिला थंडी का वाजत होती ते सांगते, आणि त्यासाठी लांब जायला नको. आपल्या युनिव्हर्सिटीच्या मिनीॲपोलिस कॅम्पसवर जिथे आज मॅक्नमारा ॲलम्नाय सेंटर आहे, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मुलांचे समारंभ तिथे झाले असतील, तिथे पूर्वी मेमोरियल स्टेडियम होतं. ते १९९२ मध्ये पाडलं. त्याची विटांची कमान तेवढी आत जपून ठेवली आहे. त्या स्टेडियमच्या पोटात, प्रेक्षकांच्या बाकांखाली, डॉ. ॲन्सेल कीज यांची प्रयोगशाळा होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला प्रश्न पडला होता, की युरोपातली उपाशी माणसं युद्ध संपल्यावर पुन्हा जेवायला कशी बसवायची? ते समजायला आधी उपासमार समजायला हवी. युद्धात बंदूक हातात घ्यायला सद्सद्विवेकानं नकार दिलेले ३६ तरुण पुढे आले, निरोगी, पंचविशीच्या आसपासचे. कुणी सक्ती केली नव्हती.

पहिले तीन महिने त्यांना पोटभर जेवण दिलं, दिवसाला ३२०० कॅलरीच्या आसपास. मग फेब्रुवारी १९४५ पासून २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. सरासरी १५७० कॅलरी. बटाटे, टर्निप, पाव, मॅकरोनी, दिवसातून दोन वेळा. शिवाय आठवड्याला २२ मैल चालायचं. हा आकडा नीट ऐका. १५७०. मी ताईला हजार लिहून दिल्या होत्या.

मुलं वजनाच्या सुमारे पाव हिश्शानं उतरली. नुसती बारीक झाली असती तर गोष्ट संपली असती. त्यांना भर उन्हाळ्यात पांघरुणं लागायला लागली. नाडी मंदावली. बसल्या बसल्या शरीर जी शक्ती खर्च करतं, ती ४० टक्क्यांच्या आसपास घटली. आणि मन? ती मुलं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. एरवी स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारे तरुण रात्री पडल्या पडल्या पाककृती वाचायचे. जेवण तासतास पुरवून खायचे, ताट चाटूनपुसून साफ करायचे. काहींनी बाहेर जाऊन चोरून खाल्लं, म्हणून मग कुणी एकट्यानं बाहेर पडायचं नाही असा नियम करावा लागला. हे सगळे तत्त्वासाठी समाजाचा रोष पत्करलेले, मनानं कणखर लोक होते. त्यांच्याकडे इच्छाशक्ती कमी होती असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. प्रयोग संपून मनासारखं जेवायची मोकळीक मिळाली तेव्हा भूक वजन पूर्ववत झालं तरी थांबेना. पोट तुडुंब भरलं तरी भूक शिल्लक, असं ती मुलं सांगत. वजन मूळ आकड्याच्या पुढे गेलं आणि त्यात चरबीचा वाटा आधीपेक्षा जास्त होता. पुढच्या काही महिन्यांत ते हळूहळू उतरलं. १९५० साली कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर दोन जाडजूड खंड छापले. मी ते खंड आपल्या युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात प्रथम उघडले तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. क्लिनिकपासून ग्रंथालय वीस मिनिटांवर होतं, तेही तीस वर्षं.

आता हिशेब ठेवणारा कोण, ते थोडक्यात. मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरी आहे. तिथे जन्मजात प्रचंड लठ्ठ उंदीर होते. डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि साधा उंदीर यांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं, तर लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात 'पुरे' सांगणारं काहीतरी होतं. ते काहीतरी कोणतं, हे १९९४ मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं शोधलं. नाव ठेवलं लेप्टिन. ते चरबीच्या पेशींतूनच निघतं. साठा भरला आहे की रिकामा होतोय, याची बातमी मेंदूला पोहोचवणारा पोस्टमनच म्हणा. १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातली दोन चुलत भावंडं सापडली, त्यांच्यात हे लेप्टिन बनतच नव्हतं. आठ वर्षांची मुलगी ८६ किलो! तिला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर वर्षभरात १६ किलो कमी झाले. त्याआधी त्या आईबापांना लोकांनी काय काय ऐकवलं असेल, कल्पना करा.

तेव्हा वाटलं, झालं, औषध सापडलं. पण आपल्यासारख्या चार माणसांत ते चाललं नाही, कारण जाड माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. मेंदू त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाही. लक्ष देतो ते कमी झाल्यावर. वजन उतरायला लागलं की लेप्टिन झपाट्यानं पडतं आणि मेंदू समजतो, दुष्काळ आला.

मग तो दोन्हीकडून कामाला लागतो. १९९५ मध्ये रॉकफेलरमध्येच लायबेल, रोझेनबॉम आणि हर्श यांनी लोकांचं वजन दहा टक्के उतरवून मोजमाप केलं. शरीर लहान झाल्यावर खर्च कमी होणारच, पण तो अपेक्षेपेक्षाही जास्त कमी झाला होता. मुळात सडपातळ असणाऱ्यांतही तेच. टीव्हीवरचा 'द बिगेस्ट लूझर' तुम्हाला आठवत असेल. त्यातल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि तरीही बसल्या बसल्याचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी. वजन परत आलं, खर्च परत आला नाही. हॉल यांचाच आणखी एक हिशेब २०१६ मधला. उतरवलेल्या दर किलोमागे शरीर खर्चात रोज वीस-तीस कॅलरी कपात करतं, पण भूक वाढवतं सुमारे शंभर कॅलरींनी. म्हणजे खरा रेटा भुकेचा. ताईचे तेरा किलो धरा. रोज तेराशे कॅलरींची जादा भूक घेऊन ती माउली स्वयंपाकघरात उभी राहून घरातल्या सात माणसांच्या पोळ्या लाटत होती.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग ठरलेलंच असतं म्हणा की. पण तेही खरं नाही. नाहीतर आपण सगळे इथे असे आलो नसतो. मी १९८२ मध्ये आले तेव्हा ४९ किलोंची होते. आज किती ते सांगणार नाही. ठरलेलं वजन होतं तर ते ४९ कुठे गेलं?

इथे मला आपल्या घरांचं उदाहरण सोयीचं वाटतं. आपल्याकडे फर्नेस दणकट असतो. बाहेर उणे तीस असलं तरी घरात अडुसष्ट म्हणजे अडुसष्ट. जुन्या घरांत एसी मात्र खिडकीत बसवलेला, खडखडणारा. जुलैत तो चालतो, पण घर तापतंच. शरीराचं असंच आहे. वजन खाली जायला लागलं की पूर्ण ताकदीनं विरोध. वर जायला लागलं की थोडी कुरकुर. विरोध अगदीच नाही असं नाही. १९६० च्या दशकात ईथन सिम्स यांनी व्हर्मॉंटच्या तुरुंगात स्वखुशीनं तयार झालेल्या कैद्यांना महिनोन्‌महिने खायला घालून वजन पाव हिश्शानं वाढवायचा प्रयत्न केला. (आज अशा प्रयोगाला कुणी परवानगी देणार नाही, ते सोडा.) वाढवणंही सोपं गेलं नाही, आणि खाणं थांबल्यावर बहुतेक जण आपसूक पहिल्या वजनाजवळ आले. पण ते महिन्यांचं काम होतं. वर्षानुवर्षं कणाकणानं वाढलं, तर शरीर तेच नवं वजन आपलं मानून त्याची राखण करायला लागतं. जॉन स्पीकमन म्हणून एक शास्त्रज्ञ आहेत, ते एका बिंदूऐवजी दोन रेघा मानतात, एक खालची आणि एक वरची. मधल्या पट्ट्यात परिस्थिती नेईल तसं वजन हलतं. हा पट्टा कुणाचा अरुंद, कुणाचा रुंद. ते बरंचसं आईवडिलांकडून येतं. क्यूबेकमध्ये जुळ्या भावांच्या १२ जोड्यांना तीन-साडेतीन महिने सारखंच जादा खायला घातलं, तर कुणी चार किलो वाढला, कुणी तेरा. पण एका जोडीतले दोघे मात्र साधारण सारखेच वाढले. १९९० चा अभ्यास आहे हा.

आणि परिस्थिती किती नेते बघा. ॲरिझोनातले पिमा आणि मेक्सिकोत डोंगरात राहणारे पिमा, वंश एकच. १९९४ मध्ये मोजलं, तर मायकोबा गावातले मेक्सिकन पिमा सरासरी २६ किलोंनी हलके होते. ते शेतात राबणारे, घरचं खाणारे. जनुकं तीच, पट्ट्यातली जागा वेगळी. आपल्यातल्या ज्यांची भावंडं गावाकडे राहिली, त्यांना हे वेगळं समजवायला नको.

आपलं वजन वर कसं सरकतं, याचा एक अभ्यास मला फार आवडतो. तो आहे इथल्या सणासुदीचा, पण दिवाळीला तंतोतंत लागू होईल. २००० साली छापून आला. १९५ माणसांचं वजन थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून जानेवारीपर्यंत मोजलं. लोकांना वाटत होतं आपलं बरंच वाढलं. प्रत्यक्षात सरासरी वाढ एक किलोच्या एक तृतीयांशाइतकीच, ०.३७ किलो. हसू येईल इतकी. गंमत अशी, की ती पुढच्या वर्षभरात उतरलीच नाही. म्हणजे फराळाचं वजन वाटतं त्यापेक्षा कमी असतं, पण मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं राहून जातं. वीस दिवाळ्या मोजा.

तर त्या भगिनींना माझं उत्तर असं. शरीर वजन राखतं का? हो, राखतं. पण ते तुम्ही जिथवर पोहोचलात तिथून राखतं, जिथे असायला हवं तिथून नव्हे. खाली येणं अवघड, वर जाणं निसरडं. काही जणांना खाली येऊन टिकता येतं, त्यांची नोंद ठेवणारी यादी या देशात १९९४ पासून आहे. पण त्यांतले बहुतेक रोज तासभर व्यायाम करतात आणि आयुष्यभर लक्ष ठेवून असतात. त्यांना माझा दंडवत. सगळ्यांना ते जमेल असं मात्र धरून चालू नका.

"मग जाऊ द्या, खाऊ या!" अशी मागून कुणीतरी आरोळी दिली. थांबा जरा. आपण महाराष्ट्रातले, भारतातले लोक आहोत. आपल्याला आणखी एक गोष्ट बघावी लागते, आणि ती काट्यावर दिसत नाही.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघेही अंगानं बेताचे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२! याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला आहे. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं शाबूत. म्हणजे हडकुळं दिसणारं बाळ चरबीच्या बाबतीत हडकुळं नव्हतं. म्हणून आपल्यात पोट जरा सुटलं की मधुमेह दारात येतो, वजन 'नॉर्मल' असलं तरी. २०१५ पासून अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं आशियाई लोकांची तपासणी बीएमआय २३ पासूनच करा असं सांगितलं आहे. इतरांसाठी तो आकडा २५ आहे. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर आणि बायकांची ८० च्या वर गेली, की शुगर तपासून घ्यायची. टेप घरात शिवणाच्या डब्यात आहे, त्याला इन्शुरन्स लागत नाही.

आणि आता जे सांगणार आहे ते मला ताईला १९९८ मध्ये सांगता आलं असतं तर! खरं म्हणजे तेव्हा ते माहीत नव्हतं, पण माझ्या बोलण्याला ती सबब चालत नाही. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचाच सल्ला, दुसऱ्याला चालणं आणि खाण्यात बदल. साधारण तीन वर्षांत पहिल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला, दुसऱ्यात ३९ जणांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन? जवळपास तेवढंच राहिलं. काटा हलला नाही, पण शंभरातली सोळा माणसं वाचली. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातही लोकांनी थोडं, पाच-सात टक्के वजन उतरवलं, मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला. नंतर त्यांचं बरंचसं वजन परत आलं, तरी दहा वर्षांच्या अखेरीला फायदा टिकून होता.

म्हणजे काट्यानं साथ दिली नाही तरी पाय, स्नायू आणि रक्तातली साखर आपलं ऐकतात. मी ताईला काटा तेवढा दिला. काटा हरला तेव्हा तिला वाटलं सगळंच हरलं. तिनं चालणं सोडलं. डॉक्टरकडे जाणं सोडलं. "बोलून घ्यायला कशाला जायचं?" असं ती भाऊजींना म्हणायची, हे मला फार उशिरा कळलं. नऊ वर्षं तिनं रक्त तपासलं नाही. २००९ च्या पावसाळ्यात उजव्या पायाच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली. ती बरी होईना. दुखतही नव्हती, तीच वाईट खूण. शुगर किती वर्षं वाढलेली होती देव जाणे. बोट काढावं लागलं.

मी गेले. हॉस्पिटलात तिच्या कॉटशेजारी बसले तर तिनं आधी काय विचारलं असेल? "माझं वजन करायला सांगू नकोस हं त्यांना." मी मिनेसोटातल्या तीस वर्षांच्या पेशंटांचे चेहरे आठवायला लागले. दोनदा येऊन मग कधीच न आलेले. मला वाटायचं डॉक्टर बदलला असेल.

नव्या औषधांबद्दल विचारणार आहात, माहीत आहे. सेमाग्लुटाइड, तिरझेपाटाइड. होय, काम करतात. २०२१ च्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइडनं सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के वजन उतरलं. का उतरलं? कारण ती औषधं मेंदूशी बोलतात, भुकेचा तो शंभर कॅलरींचा रेटाच कमी करतात. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे राखणदार निवृत्त होत नाही, औषध असेपर्यंत गप्प बसतो. तेव्हा लग्नाआधी चार महिने घेऊन सोडून देऊ असा विचार असेल तर करू नका. रक्तदाबाच्या गोळीसारखं बघा, आपल्या डॉक्टरशी नीट बोलून, स्नायू टिकवायचा व्यायाम जोडून. आणि जे घेतात त्यांना "शॉर्टकट मारला" म्हणू नका. चष्मा लावणाऱ्याला आपण असं म्हणतो का?

तिशी-चाळिशीतल्या मंडळींना एकच सांगणं आहे. उतरवण्याचा संकल्प करण्यापेक्षा यंदा आहे तिथे राहण्याचा करा. तो जमण्यासारखा आहे. घरातलं रोजचं जेवण चांगलंच असतं आपलं, घात होतो तो पाकिटांनी. २०१९ मध्ये हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात बनलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून. कारखान्याचं असलं की माणसं नकळत रोज ५०० कॅलरी जास्त खात होती. चकली घरी तळली तर निदान हात दुखून थांबतो.

आणि एक विनंती आहे, ती डॉक्टर म्हणून नाही. आपण डिसेंबरात मुलांना घेऊन मुंबईला उतरतो. विमानतळावर मावशी, आत्या, काकू सगळ्या आलेल्या असतात आणि पहिलं वाक्य काय? "अगंबाई, केवढी सुटलीस गं!" किंवा, "काय रे, आई खायला घालत नाही का?" त्यांच्या मनात काही नसतं, ती त्यांची मायेची बोली आहे, हे आपल्याला कळतं. इथे वाढलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला कळत नाही. ती उरलेले तीन आठवडे पोळी मोजत बसते. माझी भाची अशीच एकदा उरलेली सुट्टी ढगळ शर्टात काढून परत आली. विमानात बसायच्या आधी मावशीला फोन करून सांगून ठेवा. राग येईल, येऊ दे. मावशीचा राग दोन दिवसांत जातो.

ताई आता ७६ वर्षांची आहे. वजन ८० च्या आसपास आहे म्हणे, मी विचारत नाही. तिची तीन महिन्यांची शुगर, एचबीए१सी, गेली काही वर्षं सातच्या खाली आहे. दर संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत चालत जाते, मऊ तळव्याचे बूट घालून, साडीवर. सुरुवातीला लोक हसायचे. गेल्या जानेवारीत मी बरोबर होते. परत येताना मला धाप लागली, तिला नाही. घाटावर बसून तिनं पदराखालून कागदात गुंडाळलेला एक तिळाचा लाडू काढला, अर्धा मोडून मला दिला आणि म्हणाली, "घे. चोरून आणलाय."

चहा तयार आहे असं मागून खुणावतायत. प्रश्न असतील ते चहा घेता घेता विचारा.